नवा मासा, वेगळी टाकी

आठवड्याच्या बाजारातून गाय आणली, शेळी आणली, तर जाणता शेतकरी तिला लगेच जुन्या दावणीला बांधत नाही. काही दिवस गोठ्याबाहेर, पडवीच्या टोकाला नाहीतर आंब्याखाली बांधतो. तिचं शेण पाहतो, रवंथ नीट करते की नाही ते पाहतो, पाणी पाजायची बादलीसुद्धा निराळी ठेवतो. २०२२ साली लम्पीची साथ आली आणि महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा या काही दिवसांची किंमत ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनाही ती कळली. आज मला बोलायचं आहे ते याच रिवाजाबद्दल, पण एका अगदी चिमुकल्या जिवाच्या संदर्भात. खाऱ्या पाण्यातला शोभेचा मासा घरी किंवा शाळेत आणला, तर त्याला थेट मोठ्या टाकीत न सोडता काही आठवडे लहान टाकीत वेगळं का ठेवायचं, आणि कसं ठेवायचं, हा आजचा विषय.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. मासे हा माझा छंद. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. शाळेच्या सहलीबरोबर जाऊन तिथले रंगीत मासे पाहिलेले कितीतरी श्रोते आज हे भाषण ऐकत असतील. तो छंद आता तालुक्याच्या गावीही पोचला आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा आता लहान मुलांनाही नावानं ठाऊक असतो. पण गोड्या पाण्याचा मासा पाळणं निराळं आणि समुद्राचा मासा पाळणं निराळं. समुद्रातल्या शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती आजही टाकीत जन्मत नाहीत, त्या समुद्रातूनच पकडून आणलेल्या असतात. क्लाऊन माशासारख्या थोड्याच जातींची पैदास माणसाला साधली आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ती करून दाखवली आहे. म्हणजे बहुतेक वेळा आपल्या हाती येणारा मासा जाळ्यातून होडीत, होडीतून हौदात, हौदातून पिशवीत आणि पिशवीतून दुकानात असा प्रवास करून आलेला असतो. वाटेत अनेक ठिकाणच्या माशांचं पाणी त्याच्या अंगाला लागलेलं असतं. तो थकलेला, बिथरलेला आणि बहुधा उपाशी असतो. अशा वेळी अंगात दबा धरून बसलेला रोग डोकं वर काढतो.

‘क्वारंटाइन’ हा शब्द २०२० च्या करोनाच्या साथीत घराघरांत पोचला. त्याचं मूळ ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दात आहे. ज्याला आज डुब्रोव्हनिक म्हणतात त्या रगुसा बंदरानं १३७७ साली असा नियम केला की, प्लेग असलेल्या मुलखातून आलेल्यांनी आधी तीस दिवस शहराबाहेर राहावं. पुढे या तिसाचे चाळीस झाले. त्या काळी प्लेगचा जंतू कोणी पाहिलेला नव्हता. पण रोगाला उघड व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपण थांबलं पाहिजे, एवढं त्या व्यापाऱ्यांना कळलं होतं. माशाच्या बाबतीतही सगळा प्रश्न या वेळेचाच आहे.

हे नीट कळावं म्हणून एका रोगाची हकीकत सांगतो. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो. अंगावर, परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखं दिसतं. याला कारण असलेला परजीवी एकपेशीय असतो; शास्त्रात त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स म्हणतात. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस तिथंच पोसतो. पोट भरलं की गळून पडतो. तळाशी, दगडावर, वाळूत जाऊन आपल्याभोवती कवच करतो आणि त्या कवचात त्याचे भाग पडत जातात. कवच फुटलं की आतून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात.

आता यातली मेख पाहा. पहिल्या खेपेला माशावर दहाच ठिपके येतात. आठवड्यात ते जातात. मालक म्हणतो, “चला, बरा झाला.” पण ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नव्हे, तो फक्त माशावरून उतरून तळाशी जाऊन बसला. तळातली कवचं कोणी तीन दिवसांत फुटतात, कोणी तीन-चार आठवड्यांनी, आणि काही तर त्याहूनही उशिरा. दुसऱ्या खेपेला दहाचे शेकडो झालेले असतात. कल्ले भरून जातात, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो आणि मरतो. म्हणूनच “दुकानात तर मासा ठणठणीत दिसत होता” या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कोणत्याही एका दिवशी निरोगी दिसणं ही साक्ष अपुरी आहे. निदान चार, शक्य तर सहा आठवडे सलग पाहिलं, तरच ती साक्ष भरवशाची.

कोणी विचारील, रोग आलाच तर मोठ्या टाकीत औषध घालू, त्यात काय? तर तिथंच खरी अडचण आहे. या रोगावरचं जुनं औषध म्हणजे तांबं. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं मोरचूद हे तांब्याचंच क्षार. तांबं परजीवीला मारतं, पण पोवळी, समुद्रफुलं, शंखातले जीव आणि कोळंबी यांनाही ते विष आहे. शिवाय चुनखडीचे दगड आणि पोवळ्यांची वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळं पाण्यात ते किती उरलं हेच कळेनासं होतं. सजवलेल्या टाकीत म्हणूनच हे औषध चालत नाही. एकदा तिथं रोग शिरला की, सगळे मासे पकडून बाहेर काढावे लागतात आणि परजीवी उपासमारीनं मरेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, ती टाकी माशांविना ठेवावी लागते. काळजी घेणारे लोक तर अडीच महिने थांबतात. एका नव्या माशाला वेगळं ठेवायचा कंटाळा केला, तर जुन्या दहांना घर सोडावं लागतं, असा हा हिशेब आहे.

आता लहान टाकीची तयारी सांगतो. एका क्लाऊन माशाएवढ्या लहान पाहुण्याला दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी पुरते. तिच्यात साधारण चाळीस लिटर पाणी मावतं. तळाशी वाळू नको, दगड नको. तळ उघडा असला की घाण दिसते आणि काढता येते. माशाला लपायला नळाच्या पीव्हीसी पाइपाचे दोन-तीन तुकडे टाका. वर झाकण हवं, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. एक थर्मामीटर लावा. पाण्याची उष्णता पंचवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस राहिली पाहिजे, म्हणजे थंडीत हीटर लागेल. हवेचा पंप हवाच, आणि वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा दुसरा पंपही जवळ असू द्या.

खारेपणाचं माप असं की, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. चाळीस लिटरला सुमारे दीड किलो झाले. पण हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे इतर क्षारही असतात. त्यासाठी मत्स्यपालनाचं तयार समुद्री मीठ मिळतं. आणखी एक गोष्ट. उरण, पेणकडची मिठागरं पाहिली असतील, त्यांना हे सांगायला नको: ऊन पाणी नेतं, मीठ मागं ठेवतं. टाकीतही तेच होतं. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि पाणी जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी रोज घाला. खारं घालाल तर खारेपणा वाढत जाईल.

लहान टाकीतला मोठा शत्रू मात्र रोग नव्हे, तर अमोनिया. मासा कल्ल्यांवाटे तो सतत बाहेर टाकत असतो. मोठ्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. यावर सोपा उपाय आहे. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी मिळते. मासा आणायच्या आधी तीन-चार आठवडे ती मोठ्या टाकीत ठेवा आणि मग लहान टाकीत आणा. घरच्या बाईला एका शब्दात सांगायचं, तर हे विरजण आहे. विरजणावाचून दही लागत नाही, तसं या स्पंजावाचून लहान टाकी लागत नाही. मात्र एकदा बाहेर आलेलं हे विरजण धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय पुन्हा मोठ्या टाकीत घालू नका. शिवाय अमोनिया तपासायचा संच जवळ ठेवा आणि तो वाढताना दिसला की चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी तेवढ्याच खारेपणाचं आणि तेवढ्याच उष्णतेचं असावं.

मासा आला की पिशवी न उघडता थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारख्या उष्णतेचं होईल. लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पिशवी बंद असेपर्यंत तो फारसा बाधत नाही. उघडल्यावर आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी फोडल्यावर तासन् तास थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. दुकानातल्या पाण्याचा खारेपणा आधीच विचारून लहान टाकीचं पाणी तसंच तयार ठेवा आणि मासा तेवढा सोडा. पिशवीतलं पाणी आत ओतू नका. पहिला दिवस दिवा मंद ठेवा. दुसऱ्या दिवशी बारीक चिरलेली ताजी कोळंबी चिमूटभर द्या. खाल्ली तर उत्तम. उरली तर पाच मिनिटांत काढून टाका.

मग रोज सकाळ-संध्याकाळ पाहायचं. श्वास जलद चालतो का? अंग पाइपाला घासतो का? पर मिटून बसतो का? टॉर्चच्या तिरप्या उजेडात अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते का? तसं दिसलं तर तो मखमली रोग. तो ठिपक्यांहून घातकी, तीन-चार दिवसांत मासा नेतो, आणि त्याला तांब्याचा उपचार ताबडतोब लागतो. तांब्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढंच असतं. चाळीस लिटरला हे मोरचुदाच्या सुमारे तीस मिलिग्रॅमवर येतं, म्हणजे चिमटीतही धरता येणार नाही इतकं थोडं. म्हणून बागेवरचं मोरचूद अंदाजानं टाकण्याचा मोह नको. माशांसाठीचं मोजलेलं औषध आणा आणि तपासणीच्या संचानं रोज माप घ्या.

केवळ पांढरे ठिपके असतील, तर औषधावाचूनही एक वाट आहे. कवच तीन दिवसांच्या आत फुटत नाही, हे आपण पाहिलं. तेव्हा दर तिसऱ्या दिवशी मासा दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत ताज्या पाण्यात हलवायचा. असं चार वेळा केलं की, गळून पडलेला परजीवी दर वेळी मागंच राहतो. रिकामी टाकी धुऊन उन्हात पूर्ण वाळवली की तो मरतो. दोन प्लॅस्टिकचे टब असले तरी हे काम होतं.

आणि शिस्त एक पाळायची. या टाकीची जाळी, बादली, नळी सगळं निराळं. आधी मोठ्या टाकीचं काम, मग लहानीचं, मग हात साबणानं धुवायचे. काढलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा परसातल्या भाजीला घालू नका.

यावर एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही: उघड्या, लहान टाकीत मासा खंगतो. काही मासे जिवंत सूक्ष्म अन्नच खातात, ते तिथं उपाशी राहतील. अशी जात असेल तर तिच्या अन्नाची सोय आधी करावी. ती होत नसेल तर तो मासा आणूच नये. पण बाकीच्यांच्या बाबतीत खंगण्याचं कारण बहुधा लहान टाकी नसते, तर तिच्याकडं झालेलं दुर्लक्ष असतं.

हा छंद थोड्यांचा असला तरी त्यातला धडा सगळ्यांच्या कामाचा आहे. आपल्या देशात कोळंबीची शेती करणाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या एका विषाणूनं तळीच्या तळी गेलेली पाहिली. तो रोग निराळा, पण वाट तीच, बाहेरून आलेल्या जिवाची. २००९ साली परदेशी व्हन्नामी कोळंबीला परवानगी मिळाली, तेव्हा आयात होणारी जनक कोळंबी आधी चेन्नईजवळ नीलांकरै इथल्या विलगीकरण केंद्रात ठेवायची, अशी व्यवस्था करण्यात आली.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेत टाकी असेल, तर नव्या माशाची वही मुलांकडं द्या. तारीख, उष्णता, खारेपणा, अमोनिया, खाल्लं की नाही, काय दिसलं, एवढंच रोज लिहायचं. ठिपके दिसले, तर शेवटचा ठिपका गेल्याच्या दिवसापासून मोजणी पुन्हा एकापासून सुरू. जीवनचक्र फळ्यावर काढून जे कळत नाही, ते या वहीत कळतं. शिवाय मुलांना आणखी एक गोष्ट उमगते. समुद्रातून उचलून आणलेला जीव आपण विकत घेतला, पण पैसे दिल्यानं व्यवहार संपत नाही. त्याच्यासाठी सहा आठवडे थांबणं हा त्या किमतीचाच उरलेला भाग आहे, आणि तो चुकवल्यावाचून तो मासा आपला झाला असं म्हणता येत नाही.