जॉन कोलमन : अठ्ठ्याण्णव सामन्यांची कारकीर्द

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील जॉन कोलमनची कारकीर्द अवघ्या ९८ सामन्यांची. तेवढ्यात त्याने ५३७ गोल केले. हा खेळ लंबगोल मैदानावर, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू घेऊन खेळतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारला की गोल. त्याचे गुण सहा. पायाने मारलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला, तर झेलणाऱ्याला मोकळेपणी फटका मारायला मिळतो. कोलमनचे खरे सामर्थ्य या झेलात होते. बचावपटूंच्या घोळक्यामागून तो झेपावे, त्यांच्या खांद्यांच्याही वर जाई आणि चेंडू डोक्यावर दोन्ही हातांत धरूनच खाली येई.

त्याचा जन्म १९२८ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्ट फेअरी येथे झाला. हेस्टिंग्ज या लहान गावच्या संघातून तो मेलबर्नच्या एसेंडन क्लबात आला आणि १९४९ मध्ये हॉथॉर्नविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने बारा गोल केले. त्या हंगामातला त्याचा शंभरावा गोल झाला तो थेट अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत. एसेंडनने कार्लटनला ७३ गुणांनी हरवले. पुढच्या वर्षी १२० गोल आणि पुन्हा विजेतेपद.

१९५१ मध्ये मात्र, बाद फेरीच्या तोंडावर, प्रतिस्पर्ध्याने मारल्यावर त्याने उलट ठोसा दिला. चार सामन्यांची बंदी आली. त्याच्याविना एसेंडन अंतिम सामन्यात जीलाँगकडून ११ गुणांनी हरला. एवढ्या थोड्या फरकामुळे ती शिक्षा क्लबच्या चाहत्यांना फार कडक वाटत राहिली, आणि त्यात नवल नाही.

१९५४ मध्ये त्याने फिट्झरॉयविरुद्ध चौदा गोल केले. पुढच्याच सामन्यात गुडघा निखळला. वय पंचवीस. परतण्याचे प्रयत्न झाले, पण गुडघ्याने साथ दिली नाही.

१९६१ ते १९६७ या काळात तो एसेंडनचा प्रशिक्षक होता. १९६२ आणि १९६५ ची विजेतेपदे त्याच्या हाताखाली आली. १९७३ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. साखळीत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी मिळणारे पदक आज ‘कोलमन पदक’ म्हणून ओळखले जाते.