शेजारच्या टेबलावरचं मशीन

पांढरी काठी टेकत मळवलीच्या फलाटावर उतरलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

भाजे-कार्ल्याच्या लेण्यांचं कौतुक करून अध्यक्षांनी सुरुवात करावी, असा या संमेलनाचा रिवाज दिसतो. ते काम स्वागताध्यक्षांनी चोख केलं आहे, म्हणून मी थेट त्या प्रश्नाकडे येतो, जो सकाळपासून मला चहाच्या रांगेतसुद्धा विचारला जातोय. कॉम्प्युटरवर विंडोज ठेवायचं, लिनक्स टाकायचं, की पैसे साठवून मॅक घ्यायचा?

एके काळी या प्रश्नाचं उत्तर खिशात असायचं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा जॉज विंडोजवर १९९५पासून बोलू लागला, पण त्याच्या परवान्याची किंमत ऐकली की घरातले विषय बदलायचे. २००५मध्ये ॲपलने आपला तसाच व्हॉइसओव्हर मॅकमध्येच घालून दिला. पुढच्याच वर्षी मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने विंडोजसाठी एनव्हीडीए लिहायला घेतलं. फुकट आणि कुणालाही उघडून दुरुस्त करता येईल असं. लिनक्सवर ऑर्का आहे. डेबियन हे लिनक्स बसवताना तर सुरुवातीचा बीप ऐकायचा, एस दाबून एंटर मारायचं, की पुढचे प्रश्न कॉम्प्युटर बोलून विचारतो. डोळस शेजाऱ्याची विनवणी करावी लागत नाही. म्हणजे आवाजाचा प्रश्न बराचसा सुटला.

या बाबतीत आपल्याच भागातला एक माणूस आठवावा. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल. गणिताची समीकरणं कानाला कळतील अशी वाचणारी ॲस्टर ही प्रणाली हा त्यांचा १९९४चा प्रबंध. पुढे त्यांनी ईमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलतं करणारं ईमॅकस्पीक केलं. त्यात पडद्यावर काय दिसतंय हे सांगण्यापेक्षा मजकूर काय आहे हे सांगण्यावर भर आहे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. पण ईमॅक्स शिकायला रामन यांची चिकाटी हवी, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याकडून मागणं अन्याय आहे.

आता माझा निवाडा ऐका. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी विंडोज आणि एनव्हीडीए शिकावं. लिनक्सवर माझं प्रेम असूनही हेच सांगतो. बँकेत, तहसील कचेरीत, कॉलेजात शेजारच्या टेबलावर विंडोजच असतं, आणि फाइल तिथूनच येते. आपण मशीन निवडतो असं आपल्याला वाटतं. ते बहुधा शेजारच्याने आधीच निवडलेलं असतं. शाळांची गोष्ट वेगळी. देणगीत आलेले जुने कॉम्प्युटर त्यांच्याकडे पडून आहेत. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि यातल्या कित्येकांवर अकरा चढतच नाही. ते भंगारात घालू नका. केरळातल्या मंडळींनी उबंटूवर बांधलेली ॲक्सेसिबल कोकोनट ही लिनक्स प्रणाली त्यावर टाकून पाहा. खंडाळ्यात नॅब या अंधांच्या संस्थेचं वृद्ध अंधांसाठीचं घर आहे. तिथल्या, साठीनंतर दृष्टी गेलेल्या आजोबांना यातलं काहीच नको असतं, त्यांना स्क्रीन वाचणारा टॉकबॅक चालू केलेला फोन पुरतो. मॅक चांगला आहे. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा.

पण खरी अडचण सिस्टिमपाशी नाहीच. परवा एक परिपत्रक उघडलं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसतं, कारण नुसता आकार मराठी असतो. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. एनव्हीडीए बिचारं जे आत आहे तेच वाचणार! ‘स्लॅश’, ‘टक्के’, ‘कंस सुरू’, मध्येच एखादा एल. दुसरी फाइल स्कॅन केलेली पीडीएफ होती. तिच्यावर आवाज एवढंच म्हणाला की दस्तऐवज रिकामा आहे. सहीशिक्क्यासह छान भरलेलं पान होतं ते, असं मुलीने पाहून सांगितलं. विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, या दोन फाइलींपुढे तिन्ही सारखेच मुके.

आणि हीच आपल्या पुस्तकांची गत. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अंधांसाठी पुस्तकाचं वाचता येईल असं रूप करायला मोकळीक दिली आहे. तरी आपले स्वयंसेवक छापील पुस्तक स्कॅन करतात, फुटलेली जोडाक्षरं एकेक करून जोडतात, रात्री जागवतात. त्याच पुस्तकाची टाइप केलेली फाइल प्रकाशकाच्या कॉम्प्युटरवर आयती पडलेली असते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एकच ठराव मांडतो. या संमेलनाचं एकही कागदपत्र, निमंत्रणापासून हिशेबापर्यंत, युनिकोडशिवाय निघणार नाही. आणि सभागृहात बसलेल्या प्रकाशकांना हात जोडून सांगणं, की तुमच्या पुढच्या पुस्तकाची युनिकोड फाइल छपाईला जाईल त्याच दिवशी एखाद्या अंध ग्रंथालयालाही पाठवा. ठरावाला अनुमोदन हवं आहे. हात वर करू नका, मला दिसणार नाहीत, मोठ्याने सांगा.