नागासाकीच्या टेकडीवर आम्ही माय-लेक

(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या या सभेत आम्ही उभयता माय-लेकांनी जपान देशात केलेल्या प्रवासाची हकीकत सांगावी, अशी फादरांची आज्ञा झाली. प्रवासवर्णन करण्याचा आम्हांस अभ्यास नाही. परंतु ज्या देशात आम्ही जाऊन आलो, तेथे आपल्या वसईच्या भूमीत जन्मलेल्या एका संताचे रक्त सांडले आहे, व त्यामुळे तो देश आपणांस अगदीच परका नव्हे; एवढ्याच आधारावर आम्ही येथे बोलण्यास उभे आहोत.

आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. येत्या जून महिन्यापासून तो शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात राहावयाचा आहे. एकदा मूल घराबाहेर पडले म्हणजे पुढे ते सुटीपुरतेच घरी येते, हे ज्या मातांनी अनुभवले आहे त्यांना आम्ही काय सांगावे! म्हणून त्याच्या जाण्यापूर्वी एक प्रवास दोघांनीच करावा असे ठरले. त्याची सारी ओढ आगगाड्यांकडे. ज्याचे बालपण कर्जत स्टेशनात, घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोडली जाणारी इंजिने पाहण्यात गेले, त्याला जपानची वेगवान गाडी पाहावयाची होती. आम्हांस नागासाकीची टेकडी पाहावयाची होती. दोहोंचा मेळ एकाच देशात बसत होता. खर्च पुष्कळ आला. त्याचा तपशील या ठिकाणी नको.

शाळेची परवानगी काढून आम्ही नोव्हेंबरच्या मध्यास निघालो. उल्हास नदीच्या काठची भाताची कापणी त्या वेळी उरकली होती व खळ्यांवर झोडणी चालली होती. आपला शरद ऋतू म्हणजे पाऊस सरल्यावरचे निरभ्र आकाश आणि पिकलेले शेत. जपानात तो पानगळीचा ऋतू आहे. तेथे मोमिजी नावाचे झाड आहे; त्याची हाताच्या पंजासारखी पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात, आणि ती पाहण्यासाठी माणसे गावेच्या गावे लोटावीत तशी लोटतात. क्योतो शहरातील टेकड्या आम्ही पाहिल्या त्या अशा पेटल्यासारख्या. आपल्या घाटातील कुसुंबाचे झाड असेच तांबडे होते खरे, परंतु ते फाल्गुन-चैत्रात, नवी पालवी फुटताना. मुलाला हा फरक फार नवलाचा वाटला. त्याने पहिल्याच दिवशी मूठभर पाने वेचून आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दाबून ठेवली. मृतांच्या स्मरणाचा महिना होता. ती पाने त्याच प्रार्थनांच्या पानांत जाऊन बसली.

क्योतो हे बुद्धमंदिरांचे शहर. आम्ही त्यांतील दोन-तीन पाहिली. परधर्मीयांच्या मंदिरात कशाला गेलात, असे कोणी विचारील, तर आम्ही एवढेच म्हणू की, पाहुण्याने यजमानाचे घर पाहू नये काय? शिवाय मुलाने तेथे एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देताना आम्हांस अभिमानच वाटला. हा धर्म येथे कोठून आला, असे तो म्हणाला. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे जी लेणी आपण पाहिली, ती कोरणारे याच बुद्धाचे भिक्षू होते, दोन हजार वर्षांपूर्वीचे. भारतातून निघालेली ती शिकवण चीन व कोरिया या देशांतून येथवर आली, असे आम्ही सांगितले. तेव्हापासून तो प्रत्येक मंदिरात कोंडाण्याची कमान शोधीत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. क्योतोत एका लहानशा ओढ्यावर एक पूल आहे. त्याचे नाव मोदोरिबाशी, म्हणजे परतीचा पूल. पाहण्यासारखे तेथे काही नाही. आम्हांस तो शोधण्यातच अर्धी सकाळ गेली. या नावामुळे वधूची वरात त्या पुलावरून नेत नाहीत, नवरी परत येईल म्हणून. आणि गेल्या महायुद्धात सैन्यात भरती झालेल्या मुलांना आप्त मुद्दाम त्या पुलावर आणीत, ती परत यावीत म्हणून. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी याच पुलापाशी चोवीस ख्रिस्ती कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, अशी परंपरा आहे. त्या चोविसांत संत गोन्सालो गार्सिया होते.

गोन्सालोंचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आईविषयी चरित्रे एवढेच सांगतात की, ती वसईचीच एतद्देशीय स्त्री होती. येशूसंघीयांच्या शाळेत शिकून, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, ते त्यांच्याबरोबर समुद्रमार्गे जपानास गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की धर्मशिक्षणात त्यांचा मोठा उपयोग होऊ लागला. मध्यंतरी त्यांनी मकाव येथे व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली फादर पेद्रो बावतिस्ता हे फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषी होते ते गोन्सालो. वसईच्या बाईचा मुलगा जपानच्या दरबारात उभा राहून दोन राष्ट्रांचे बोलणे एकमेकांस सांगत होता! पुढे हिदेयोशीचा कोप झाला व १५९६ च्या डिसेंबरात त्यांस धरण्यात आले.

कान कापल्यावर कैद्यांस पायी नागासाकीकडे नेण्यात आले. ऐन हिवाळ्यातील तो प्रवास सुमारे महिनाभर चालला. वाटेत आणखी दोघे सामील झाल्याने संख्या सव्वीस झाली. आम्ही तोच पल्ला आगगाडीने काही तासांत गाठला. कर्जतच्या मुलास त्या गाडीचे जे कौतुक वाटले त्याचे वर्णन करण्यास आमची लेखणी असमर्थ आहे. एक इंजिन पुढे व मागे ढकलणारी दुसरी, असली आपली कष्टाची चढाई जिने पाहिलीच नाही, अशी ती गाडी! वाटेत मिहारा नावाचे स्टेशन न थांबता निघून गेले. ते स्टेशन एका जुन्या किल्ल्याच्या जागेतच बांधलेले आहे, आणि त्या किल्ल्यात त्या कैद्यांपैकी तोमास कोझाकी या चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या आईस पत्र लिहिले होते. त्याविषयी पुढे बोलू. मिहारानंतर हिरोशिमा लागते. आपल्या वाचकांस प्रिय अशा ‘निरोप्या’ मासिकाचे १९०३ सालचे संस्थापक फादर डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु १९२० नंतरची काही वर्षे त्यांनी हिरोशिमा येथे धर्मकार्य केले, हे थोड्यांसच ठाऊक असते.

नागासाकी स्टेशनापासून निशिझाका टेकडी पायी पाच मिनिटांवर आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे सव्वीस क्रूस रांगेने उभे करण्यात आले व भाल्यांनी त्या सर्वांचा वध झाला. परमगुरू आठवे उर्बान यांनी १६२७ साली त्यांस धन्य म्हणून व नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित केले. त्या घोषणेच्या शताब्दीस, १९६२ साली, तेथे फुनाकोशी या मूर्तिकाराने घडविलेले ब्राँझचे स्मारक उभारण्यात आले. सव्वीस मूर्ती एका रांगेत आहेत. क्रूस दाखविलेले नाहीत, जखमा नाहीत. पाय मात्र जमिनीपासून सुटून खाली लोंबत आहेत, जणू कोणी त्यांस वर उचलून घेत आहे. त्या रांगेत तीन मूर्ती आखूड आहेत. तेथे आमच्या मुलाची पावले थांबली.

ते तिघे म्हणजे बारा वर्षांचा लुईस इबाराकी, तेरा वर्षांचा अंतोनियो व चौदा वर्षांचा तोमास. लुईस याने टेकडीवर येताच आपला क्रूस कोणता, असे विचारले, अशी परंपरा आहे. अंतोनियो हा नागासाकीचाच. त्याचे आईबाप गर्दीतून पुढे आले, रडले, विनवू लागले, आणि त्यानेच त्यांची समजूत घातली. हे ऐकून मुलाने आम्हांस विचारले, “आई, तू मला जाऊ दिले असतेस का?”

भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथे दिले नाही व येथेही देत नाही. आम्ही त्याला तोमासच्या पत्राची गोष्ट सांगितली. तोमासबरोबर त्याचा बाप मिगेल हाही कैदी होता. दोघेही त्याच टेकडीवर मेले. ते पत्र बापाच्या रक्ताने माखलेल्या कपड्यांत सापडले. मुलगा आईस लिहितो की, बाबांची व माझी काळजी करू नको, आम्ही स्वर्गात तुझी वाट पाहू. पुढे लिहितो की, मरणसमयी जवळ पाद्री नसला तरी मनापासून अनुताप कर. आणि शेवटी धाकट्या दोघा भावांस सांभाळण्याविषयी सांगतो. मोठी माणसे धर्मावर पुष्कळ लिहितात. परंतु जवळ पाद्री नसेल तेव्हा काय करावे, हे त्या पोराने आईला कळविले, आणि पुढे त्या देशात नेमकी तीच वेळ आली.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. १६४४ साली शेवटच्या पाद्रीचा वध झाला. त्यानंतर दोनशेवीस वर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, देऊळ नाही. गावातील एक माणूस गुप्तपणे स्नानसंस्कार देई, दुसरा सणांचे दिवस मोजून ठेवी, आणि प्रार्थना घरातून घरात, आजीकडून नातवंडांकडे, तोंडपाठ जात. त्या प्रार्थनांस ते ओराशो म्हणत. लॅटिन व पोर्तुगीज शब्द जपानी तोंडांत घासून-घासून गोल झालेले. शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो: नागासाकीच्या दुकानात मुलाने पाव मागण्यासाठी बोट दाखविले, तर दुकानदार बाई म्हणाली, “पान?” आपला पाव व त्यांचा पान, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. आपण ज्यास पाद्री म्हणतो त्यास ते जुन्या काळी बातेरेन म्हणत. आपल्या स्टेशनावरचा वडापाव आठवून त्या रात्री आमचा मुलगा थोडा उदास झाला, हेही खरे.

१८६५ साली फ्रेंच पाद्रींनी नागासाकीत ओउरा येथे परदेशी रहिवाशांसाठी देऊळ बांधले व ते त्याच सव्वीस रक्तसाक्षींस अर्पण केले. १७ मार्च रोजी जवळच्या उराकामी गावची पंधराएक माणसे पाहणाऱ्यांच्या मिषाने आत आली. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिझाँ यांच्या कानाशी येऊन सांगितले की, आमचे हृदय व तुमचे हृदय एकच आहे. आणि विचारले की, सांता मरियेची मूर्ती कोठे आहे? बाळ येशूस कडेवर घेतलेली ती मूर्ती आजही त्या देवळात आहे. पोप, वेदी, वस्त्रे यांविषयी तिने प्रथम विचारले नाही. लेकराला घेतलेली आई ओळखली, की पुढचे सारे आपोआप ओळखू येणार होते. आम्ही त्या मूर्तीपुढे गुडघे टेकून मराठीत नमो मरिया म्हटली. इतर पाहुणे आमच्याकडे पाहत होते. मुलगा प्रथम संकोचला, मग त्यानेही आवाज काढला.

उराकामीच्या त्या ख्रिस्ती लोकांचा पुढे पुन्हा छळ झाला. तीन हजारांहून अधिक माणसे, लेकराबाळांसह, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आली. १८७३ साली बंदी उठल्यावर जी जगली ती परतली. या हद्दपारीस ते लोक ‘ताबी’ म्हणतात. ताबी या शब्दाचा अर्थ प्रवास. आमच्या सुटकेसवर चिकटविलेल्या कागदाकडे पाहून आम्हांस त्या दिवशी आपल्या प्रवासाची लाज वाटली नाही, पण तो फार लहान वाटला.

परतलेल्या लोकांनी आपल्या हातांनी उराकामीचे मोठे देऊळ बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब पडला तो त्याच्या जवळच. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मृत्यू पावले, असे सांगतात. देऊळ १९५९ साली पुन्हा उभे राहिले. त्यात मरियेच्या जुन्या लाकडी मूर्तीचे जळके मस्तक जपून ठेवले आहे. डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी आहेत. आमचा मुलगा ते पाहून बाहेर आला व म्हणाला, “इर्शाळवाडीसारखे.” आपल्या खालापूर तालुक्यातील ती वाडी जुलै २०२३ मध्ये एका रात्रीत दरडीखाली गेली, तेव्हा तो लहान होता, आमची समजूत होती की, तो विसरला असेल.

दोन घंटांपैकी एक त्या स्फोटात नष्ट झाली होती. अमेरिकेतील कॅथलिकांच्या वर्गणीतून तिच्या जागी नवी घंटा आली, व ९ ऑगस्ट २०२५ रोजी ऐंशी वर्षांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

आपल्या धर्मग्रामात कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर अशी कुटुंबे विखुरलेली आहेत. आषाढात नद्या भरल्या, घाटात गाड्या अडल्या, म्हणजे कित्येकांचा रविवार मिस्सेवाचून जातो. तेव्हा ज्या घरांत आई दिवा लावून जपमाळ सांगते, त्या घरांची आठवण आम्हांस ओउरात झाली, त्यांची नावे येथे घेत नाही. आमच्या मुलाने तोमासच्या पत्राचा आशय आपल्या वहीत मराठीत उतरवून घेतला आहे. जूनमध्ये तो ती वही बरोबर नेणार आहे. येत्या फेब्रुवारीत संत गोन्सालोंचा सण येईल, त्या संध्याकाळी आमच्या घरी जपमाळ होईल. ज्यांस येणे शक्य आहे त्यांनी अवश्य यावे.

आम्ही आणलेली छायाचित्रे सभा संपल्यावर पाहावयास मांडली आहेत. टेकडीची व देवळांची आम्ही काढली. आगगाड्यांची त्याने काढली, व तीच संख्येने अधिक आहेत.