गाणे सर्वांचे



आज मंदिरातल्या गाण्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. ख्रिस्ती मंडळीत आम्ही पुष्कळ वर्षे गायकवर्ग चालवला. पेटी धरली, गाणी निवडली, पोरांना चाली शिकवल्या. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल, तर त्यालाही हे बोलणे उपयोगी पडेल.

आधी आमची एक चूक सांगतो.

एका नाताळाला आम्ही ठरवले, यंदा सगळी गाणी नवीन घ्यायची. आठ गाणी बसवली. चाली अवघड, पट्टी उंच. पण पोरे तयारीची होती. गाणे झकास झाले. लोकांनी वाहवा केली. मग आम्ही पुढेही तेच चालू ठेवले. नवे गाणे आले की एक जुने मागे पडायचे.

सहा महिन्यांनी एक आजी मंदिराच्या पायरीवर भेटल्या. म्हणाल्या, "लेकरांनो, गाता लई ग्वाड. पण आता आमी येतो आन् नुसतं बसून ऱ्हातो."

आम्ही हसून म्हटले, "आजी, तुम्हीपण शिका की नवी गाणी!"

"शिकंन बाबा. पण मला पुस्तक वाचता येत न्हाई. देवाचं जे काय ठावं हाय, ते गान्यातनंच ठावं हाय."

आम्ही ते तेवढ्यावरच सोडून दिले.

पावसाळ्यात आजींनी अंथरूण धरले. आम्ही पेटी घेऊन प्रार्थनेला गेलो. त्यांनी एक जुने भजन मागितले. पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. धृपद कसेबसे आले. पुढचे कडवे कोणालाच येईना. आम्हालाही येईना. शेवटी आजींनीच सुरुवात केली. आवाज बारीक, धाप लागलेली. एक ओळ त्या म्हणायच्या, ती आम्ही मागून म्हणायचो. पाचही कडवी त्यांना तोंडपाठ होती.

चार दिवसांनी आजी गेल्या.

जिला अक्षर येत नव्हते, तिचे गाणे हेच पुस्तक होते. आणि ते पुस्तक आम्ही तिच्या हातून काढून घेतले होते.

ही गोष्ट जुन्या जाणत्या लोकांनी ओळखली होती. पूर्वी मराठी मंडळ्यांत पुष्कळ गाणी इंग्रजी चालींवर म्हणत. नारायण वामन टिळक हे कोकणात १८६१ साली जन्मले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांनी उपासनेसाठी मराठी वळणाची भजने रचली. अभंगाची चाल लोकांच्या कानात कीर्तनातून बसलेली होती. ओवी बायकांच्या तोंडी जात्यावर होती. म्हणून न वाचणाऱ्यालाही ती भजने गाता आली. टिळक १९१९ साली वारले. पण 'उपासना संगीत' या पुस्तकातून त्यांची गाणी आजही मराठी मंडळ्यांत म्हणतात.

कॅथलिक मंडळींत पूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला वाट मोकळी करून दिली. आता वसईकडे लोक मराठीत गातात. जी भाषा आपली, तिच्यात तोंड उघडते.

आजी गेल्यावर आम्ही आमची रीत बदलली. ती सांगतो.

पहिली गोष्ट. गाणे दिवस पाहून निवडावे. रविवारी कोणता शास्त्रपाठ आहे, उपदेश कशावर आहे, हे पाळकसाहेबांना आधी विचारावे. उत्तम शुक्रवारी दुःखाचे गाणे हवे. पेरणीच्या आधी आशेचे, सुगीला उपकारस्तुतीचे.

दुसरी गोष्ट. चार गाणी असतील तर तीन ओळखीची घ्यावीत, एकच नवे. नवे गाणे एका महिन्यात एकच शिकवावे. उपासना सुरू होण्याआधी दहा मिनिटे सर्वांना शिकवावे, आणि तेच पुढचे तीन रविवार म्हणावे.

तिसरी गोष्ट. पट्टी लोकांच्या गळ्याची हवी. गाण्यातली सर्वांत उंच जागा आधी गाऊन पाहावी. मागच्या बाकावरच्या माणसाला तिथे ओरडावे लागत असेल, तर पट्टी खाली आणावी. आम्ही दोन पट्ट्या खाली आलो, आणि मागची माणसे गाऊ लागली.

चौथी गोष्ट. पेटी-तबला सांभाळून वाजवावा. शब्द ऐकू आला पाहिजे. धृपद लोकांनी उचलले की पुढाऱ्याने आपला आवाज कमी करावा. बैल वाटेला लागल्यावर कासरा ओढून धरू नये.

गायकवर्गात पोरे रुसली. म्हणाली, "मग आमची कला काय कामाची?" आम्ही म्हटले, "मोठ्या सणाला तुमचे एक अवघड गाणे ठेवू. बाकीच्या गाण्यांत तुमची कला एकच, लोकांना गाते करायचे." दोघे सोडून गेले. त्याचे वाईट वाटले. एक पुढे परत आला.

आता तुम्हाला वाचता येते. मंदिरात जा, नाहीतर भजनाला बसा. न वाचणारे कोणी असेल, त्याच्या शेजारी बसा. धृपद संपता संपता पुढची ओळ त्याच्या कानात हळूच सांगा. तो गाईल. आणि एखादे जुने भजन तो तुम्हाला शिकवील. ते वहीत उतरवून घ्या.