परवाना : मालकी हक्क नव्हे, समाजाने टाकलेला विश्वास



मद्यालयाच्या दारात रात्री रक्त सांडते तेव्हा समाजासमोर एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न, वार कोणी केला? त्याचे उत्तर पोलीस आणि फौजदारी न्यायालय शोधतात. त्यास महिने लागतात, क्वचित वर्षेही लागतात. दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. उद्या सायंकाळी ते दार पुन्हा उघडावे काय? या दुसऱ्या प्रश्नासाठी ब्रिटनने जी व्यवस्था उभी केली, तिचा परिचय करून घेणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

इंग्लंडमध्ये पब म्हणजे केवळ दारूचा गुत्ता नव्हे. अनेक वस्त्यांची ती ओसरी आहे. तेथे लग्ने ठरतात आणि अंत्ययात्रेनंतर माणसे एकत्र बसतात. म्हणूनच पब बंद करण्याचा निर्णय तेथे कोणी हसतखेळत घेत नाही. परंतु त्यावर अंकुश असावा हा विचारही तेथे जुनाच आहे. १५५२ च्या कायद्याने मद्यगृहांना परवाना देण्याचा अधिकार स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडे सोपविला. तो दीर्घकाळ त्यांच्याकडेच राहिला. इंग्लंड व वेल्ससाठी २००३ साली नवा परवाना कायदा झाला, २४ नोव्हेंबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला आणि हा अधिकार लोकनियुक्त स्थानिक परिषदांकडे गेला.

या कायद्याचा पाया चार उद्दिष्टांवर आहे : गुन्हे व अशांततेस प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास प्रतिबंध आणि बालकांचे संरक्षण. मद्यपान पाप की पुण्य, या वादात कायदा शिरत नाही. या चार कसोट्यांना जागा उतरते की नाही, एवढेच तो पाहतो. ती उतरत नसेल तर पोलीस, अग्निशमन दल, आरोग्य अधिकारी, इतकेच नव्हे तर शेजारी राहणारा सामान्य नागरिकही परवान्याच्या फेरविचाराची मागणी करू शकतो.

हा सर्वसाधारण मार्ग सावकाश चालणारा आहे. गंभीर प्रसंगी तो पुरत नाही, हे ध्यानी आल्यावर २००६ च्या कायद्याने तातडीच्या फेरविचाराची तरतूद करण्यात आली. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ दर्जाचा अधिकारी, ही जागा गंभीर गुन्ह्याशी, गंभीर अशांततेशी किंवा दोहोंशी निगडित आहे, असे प्रमाणपत्र देतो. पोलिसांचा अर्ज मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत परिषदेला अंतरिम उपायांचा विचार करावाच लागतो. सुट्टीचे दिवस त्यात धरले जात नाहीत. अटी बदलणे, मद्यविक्री थांबविणे, जबाबदार पर्यवेक्षकास दूर करणे किंवा परवाना स्थगित करणे हे चार उपाय तिच्या हाती असतात. अठ्ठावीस दिवसांत पूर्ण सुनावणी होते. परवाना रद्दही होऊ शकतो. त्यावर एकवीस दिवसांत दंडाधिकारी न्यायालयात दाद मागता येते.

आता एक उदाहरण पाहू. लंडनच्या फॅरिंग्डन भागात १९९९ पासून चाललेला ‘फॅब्रिक’ हा नाइटक्लब जगभर प्रसिद्ध होता. जून आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तेथे गेलेल्या दोन अठरा वर्षांच्या मुलांचा अमली पदार्थांमुळे मृत्यू झाला. पोलिसांच्या अर्जावरून परवाना स्थगित झाला आणि सप्टेंबरमध्ये इस्लिंग्टन परिषदेने तो रद्द केला. एका बाजूला दोन घरांतील कायमचा अंधार होता. दुसऱ्या बाजूला तेथे काम करणाऱ्यांची रोजीरोटी होती आणि एक प्रश्नही होता : ही जागा बंद झाली म्हणून अमली पदार्थ थांबतील, की अधिक अंधाऱ्या, देखरेख नसलेल्या ठिकाणी जातील?

मालकांनी अपील दाखल केले. त्याची सुनावणी होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, परिषद आणि क्लब यांच्यात समझोता झाला. आठवड्याअखेरीस एकोणीस वर्षांखालील कोणासही प्रवेश नाही, ओळखपत्रांची यंत्राद्वारे नोंद, अधिक कडक झडती, अधिक प्रकाश व कॅमेरे, अमली पदार्थ बाळगताना किंवा विचारताना सापडेल त्याला कायमची बंदी. अशा कठोर अटींवर जानेवारी २०१७ मध्ये क्लब पुन्हा उघडला. गेलेले जीव परत आले नाहीत. परंतु ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन टोकांमध्ये सुधारणेची जागा असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

न्यायालयांनीही या व्यवस्थेला दोन्ही बाजूंनी बांध घातले. थ्वेट्स या मद्यउत्पादक कंपनीच्या २००८ च्या खटल्यात उच्च न्यायालयाने बजावले, की निर्बंध पुराव्यावर आधारलेले हवेत, केवळ भीतीवर किंवा तर्कावर नव्हे. उलट २०१६ च्या ईस्ट लिंडसे परिषदेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की परवान्यावर कारवाई करण्यासाठी फौजदारी खटल्यातील दोषसिद्धीची वाट पाहण्याचे कारण नाही. फेरविचार ही गतकाळाची शिक्षा नसून भविष्यकाळाचे रक्षण आहे.

यातील एक धोका मात्र नजरेआड करता येणार नाही. प्रत्येक भांडणाच्या वेळी प्रामाणिकपणे पोलिसांना बोलावणाऱ्या मालकाच्या नावावरच अधिक नोंदी जमतात. प्रकरणे दडपणारा मालक कागदोपत्री स्वच्छ दिसतो. नोंदींची केवळ मोजदाद करणारे प्राधिकरण उद्या सर्वांनाच मौन बाळगण्यास शिकवील. म्हणून किती वेळा पोलीस आले, यापेक्षा त्यांना कोणी बोलावले आणि नंतर काय सुधारले, हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्या रात्रीशी संबंधित मद्यालयांना टाळे लागले. कारवाई तत्पर होती. पण ती दोन जीव गेल्यानंतरची होती. दुसरीकडे ‘बाटली आडवी’ करण्याचा अधिकार आपल्या ग्रामीण स्त्रियांनी जिद्दीने वापरला आहे, आणि ब्रिटनमधील शेजाऱ्याला नसलेले मताचे थेट सामर्थ्य त्यात आहे. मात्र त्या मतपत्रिकेवर बाटली उभी असते किंवा आडवी; अटी घालण्याची, सुधारण्याची संधी देण्याची मधली वाट तेथे नाही.

मुदतबद्ध सुनावणी, लेखी कारणे, शेजाऱ्याला बोलण्याचा हक्क आणि मालकाला उत्तर देण्याची संधी, या चार गोष्टी कोणत्याही देशाच्या मक्तेदारीच्या नाहीत. परवान्याचा कागद दुकानाच्या भिंतीवर टांगलेला असतो. पण तो विश्वास टाकलेला असतो भिंतीबाहेरच्या समाजाने. तो विश्वास पाळला जातो की नाही, हे वेळोवेळी विचारण्याचा अधिकारही त्याच समाजाचा आहे. अपघाताची वा खुनाची बातमी येण्यापूर्वीच तो विचारला जावा, एवढीच अपेक्षा.