छापखान्यावरील धाड आणि अदृश्य आदेश

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोरील भाषण)



सेन्सॉरशिप म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला. या सत्याग्रहाचा वृत्तान्त छापण्यापूर्वी तपासून घ्यावा, अशी नोटीस ब्रिटिश सरकारने ‘हरिजन’ला दिली. सेवाग्रामहून गांधीजींनी मजकूर तपासणीला धाडला नाही, प्रकाशनच थांबविले. ते पुन्हा सुरू झाले १९४२ च्या जानेवारीत.

पुढे स्वराज्य आले. आणि १९७६ साली, आणीबाणीत, त्याच पवनारच्या आश्रमात पोलीस शिरले. गोहत्याबंदीसाठी विनोबांनी योजलेल्या उपोषणाची वार्ता देणारे ‘मैत्री’चे अंक जप्त झाले. विनोबांची गणना आणीबाणीच्या विरोधकांत होत नव्हती. उलट त्यांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा सरकारने मनसोक्त वापर केला होता. सेन्सॉरच्या हाती एकदा कात्री दिली की ती मित्रालाही सोडत नाही, हा त्या जप्तीचा धडा होय.

तरीही त्या दडपशाहीला चेहरा होता. नोटीस हातात पडत होती, पोलीस दारात दिसत होते. म्हणूनच झुंजता येत होते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’वरील सेन्सॉरचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, रद्द ठरविले.

आजचा आदेश दिसतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली इंटरनेटवरील मजकूर बंद करता येतो, आणि २००९ च्या नियमांनी ती कारवाई गोपनीय ठेवली आहे. लिहिणाऱ्याला कारण अनेकदा कळतच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलन ऐन भरात असताना ‘किसान एकता मोर्चा’ आणि ‘कॅरव्हान’ यांची ट्विटर खाती देशात काही काळ दिसेनाशी झाली. धाड नाही, जप्ती नाही; केवळ एका परदेशी कंपनीला दिलेला हुकूम!

यावर एक रास्त आक्षेप आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. मोबाईलवरून पसरलेल्या अफवा माणसे मारतात, तेव्हा नियमन नकोच, असे कोणत्या समाजवाद्याला म्हणता येईल? शिवाय मूठभर कंपन्यांच्या नफ्यावर लोकांचे बोलणे सोपविणे हेही स्वातंत्र्य नव्हे.

प्रश्न नियमन असावे की नसावे, हा नाहीच. ते कोणी आणि कसे करावे, हा आहे. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी, हे सरकारी कक्षानेच ठरवावे, अशी तरतूद २०२३ साली झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. वादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे साधे तत्त्व आहे.

म्हणून मागणीही साधीच असली पाहिजे: आदेश लेखी असावा, सकारण असावा, लिहिणाऱ्याच्या हाती पडावा आणि सरकारबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेपुढे त्याची सुनावणी व्हावी. अफवेला आळा घालण्यास एवढा कायदा पुरेसा आहे. टीकेला आळा घालायचा असेल, तरच गुप्ततेची गरज भासते. आणि अफवेच्या वेळी गावात आधी पोहोचून माणसे वाचविणे, हे काम तर कोणताही कायदा कार्यकर्त्यावाचून करू शकणार नाही.