फोन कोणाच्या खिशात, सातबारा कोणाच्या नावावर?

(दोंडाईचा येथील बैठकीतील भाषण)

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

दोंडाईच्याच्या बाजारात आपण मिरची आणतो, कापूस आणतो आणि भावावर बोलतो. आज बोलायचे आहे ते घरातल्या बाईवर उठणाऱ्या हाताबद्दल. 'घरनी गोट घरमाच' असे म्हणून आपण हा विषय उंबऱ्याआड ठेवला. पण शेतकऱ्याच्या लुटीबद्दल बोलणाऱ्याला स्वतःच्या घरातल्या जुलमाबद्दल गप्प बसता येणार नाही.

चळवळीला हे नवीन नाही. १९८६ सालच्या ९ आणि १० नोव्हेंबरला चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखोंच्या संख्येने बाया जमल्या. त्यानंतर काही वर्षांतच शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली.

गावोगाव फिरताना आम्हांला एकच उत्तर मिळते. भाव पडला, पाऊस गेला, डोके फिरले, हात उठला. भावांनो, भाव पडल्याचा राग आम्हांलाही येतो. पण तो व्यापाऱ्याच्या गादीवर निघत नाही, तहसीलदाराच्या टेबलावर निघत नाही. तिथे आपण हात जोडून उभे राहतो. तोच हात घरी आल्यावर उठतो. म्हणजे राग अनावर झालेला नसतो, तो समोरचे माणूस पाहून येतो. आणि भाव चांगला मिळाला त्या वर्षी मारहाण थांबली का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

मारहाण म्हणजे फक्त काठी नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शरीराचा छळ आहे, लैंगिक छळ आहे, शिव्या आणि अपमान आहे, आणि पैशाचा छळही आहे. वेचणी तिने करायची आणि घरखर्चाला पैसा मागितला की नाही म्हणायचे, पेरणीला तिचे दागिने तिला न विचारता गहाण टाकायचे, हा छळच आहे. घर कोणाच्याही नावावर असो, तिला त्यात राहण्याचा हक्क आहे. नुसते बाहेर काढता येत नाही. आणि तक्रार तिनेच केली पाहिजे असेही नाही. शेजाऱ्याला, सरपंचाला, कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही.

आता हे शिकायचे कुठे? लोक सांगतात, सगळे मोबाईलवर आहे. खरे आहे. कायदा आहे, धडे आहेत, वर्ग आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० साली स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठी सगळ्या जगाला खुले असे ज्ञानकेंद्रच इंटरनेटवर उघडले. पण ते वाचणार कोण? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधीतरी इंटरनेट वापरलेले होते. बायका होत्या ३३. त्याच पाहणीत लग्न झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे २९ जणींनी नवऱ्याचा छळ सोसलेला होता. म्हणजे ज्याने शिकायचे तो शिकत नाही आणि जिला कळायला हवे तिच्या हातात फोन नाही. ज्या घरात नवरा बायकोचा फोन तपासतो, तिथे तर तोच फोन तिच्यावर पहारा ठेवतो. म्हणून धडा मोबाईलवर आला तरी वर्ग चावडीवर भरला पाहिजे. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मग दोघे एकत्र.

आणि नुसत्या धड्याने भागत नाही. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशा शंभरातील ४९ जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत शंभरातील ७. जिच्या पायाखाली स्वतःची जमीन असते तिच्यावर हात टाकताना माणूस विचार करतो. लक्ष्मीमुक्तीत आपण हेच तर सांगत होतो.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. तलाठ्याकडे अर्ज करून बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावा. घरात एक फोन असा असू द्या जो तिचा आहे आणि कोणी तपासणार नाही. आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा व ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक गावाच्या पारावर, पिठाच्या गिरणीवर रंगाने लिहा. जिच्याकडे फोन नाही तिला शेजारणीने आपला द्यावा.

मायबहिणींनो, तुम्हांला एवढेच सांगतो. मार खाणे हे नशीब नाही, आणि सांगणे ही बेअब्रू नाही. बेअब्रू मारणाऱ्याची.

भावांनो, दादरीची पेरणी असो की कपाशीची वेचणी, ती तुमच्या बरोबरीने राबते. कापसाला रास्त भाव मागणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या कष्टाला रास्त मान द्यावा. पुढच्या बैठकीला येताना सातबारा घेऊन या. त्यावर किती नावे वाढली, तेवढेच आम्ही मोजू.